तिसऱ्यांदा अर्ज कर, पण तोच अर्ज नको

पत्र :

ताई, नर्सिंगसाठी मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात गुण कमी पडले आणि गुणवत्ता यादीत नाव लागलं नाही. दुसऱ्या वर्षी प्रतीक्षा यादीत होते. वाट बघत राहिले आणि प्रवेश बंद झाले. मुलाखतीत ‘नर्सच का व्हायचंय?’ असं विचारलं, तर ‘मला सेवेची आवड आहे’ एवढंच तोंडातून निघालं. पुढे काही सुचेना.

आजीला पक्षाघात झाला तेव्हा तिचं सगळं मीच केलं. पाणी पाजताना तिला ठसका लागायचा, म्हणून मी तिला नीट बसतं करून चमच्याने थोडं थोडं द्यायला लागले. दर दोन तासांनी कूस बदलायचे, रात्रीसुद्धा. ती शेवटपर्यंत अंथरुणाला होती, पण पाठीला एक जखम झाली नाही. नर्स व्हायचं तेव्हाच ठरवलं होतं.

आता घरचे म्हणतात, दोनदा झालं नाही म्हणजे नशिबात नाही, दुसरं काहीतरी बघ. ओळखीतले एक जण परीक्षा-मुलाखतीशिवाय थेट प्रवेश मिळवून देतो म्हणतात, रोज वर्गात जायचीही गरज नाही म्हणे. बरोबरच्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या. मी तिसऱ्यांदा प्रयत्न करू का? की मी या कामाच्या लायकीचीच नाही?

– एक वाचक

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना थोडा रागच आला. तुझा नाही. मुलाखत घेणाऱ्यांना जे ऐकायचं होतं ते सगळं तू या पत्रात लिहिलं आहेस आणि त्या खोलीत त्यातलं एक अक्षरही बोलली नाहीस, याचा.

मुलाखतीकडे येतेच, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात ठेवून बाकीचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. प्रवेश न मिळणं आणि लायकी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नर्सिंगमध्ये तर त्यांच्यातलं अंतर फार मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ साली जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. एवढी गरज असताना मुलींना परत का पाठवतात? नर्स वर्गात बसून तयार होत नाही, म्हणून. तिला वॉर्डात उभं राहून शिकावं लागतं, आणि तिथे एका शिक्षिकेच्या नजरेखाली आठ-दहांच्या वर विद्यार्थिनी असून चालत नाही. चूक झाली तर ती वहीत होत नाही, माणसाच्या अंगावर होते. शिक्षिका कमी आहेत, कारण अनुभवी नर्सला शिकवण्यापेक्षा रुग्णालयात जास्त पैसे मिळतात. विद्यार्थिनींना शिकायला देता येतील असे वॉर्डही मोजकेच. अमेरिकेत नर्सिंग महाविद्यालयांची संघटना याची दरवर्षी मोजदाद करते. २०२१ साली तिथे पात्रता पूर्ण करणारे ९१,९३८ अर्ज परत गेले. एकाच मुलीचे दोन-चार अर्ज त्यात असतील, तरी आकडा लहान होत नाही. हे सगळे पात्र अर्ज होते, हे लक्षात ठेव. नापासांचे नव्हेत.

म्हणजे ‘नशिबात नाही’ हे घरच्यांचं म्हणणं मला मान्य नाही. पण ‘प्रयत्न करत राहा, एक दिवस होईल’ असंही मी तुला सांगणार नाही. ते ऐकायला गोड वाटतं आणि त्यात वर्षं जातात. तोच अर्ज, तेच गुण, तेच उत्तर घेऊन तिसऱ्यांदा गेलीस तर तिसऱ्यांदाही परत येशील. मुली दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अर्ज करतात तेव्हा फॉर्मवरचं वर्ष बदलतात, बाकी काही बदलत नाहीत. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि दर वेळी जीव हळहळला आहे. तू तिसऱ्यांदा अर्ज करावास, जरूर करावास. फक्त तो अर्ज वेगळा असला पाहिजे, आणि कुठे वेगळा असायला हवा ते अंदाजाने ठरवू नकोस.

तू म्हणतेस रसायनशास्त्राने घात केला. असेलही. पण तुला खात्री आहे का? दुसऱ्या वर्षी तर तू प्रतीक्षा यादीपर्यंत पोचलीस, म्हणजे गुण तेवढे वाईट नसणार. मग कुठे कमी पडलं? मुलाखतीत? प्रवेश परीक्षेच्या एखाद्या भागात? एखादा कागद उशिरा गेला? हे ज्याला माहीत आहे त्याला विचार. प्रवेश विभागाला चार ओळींचं पत्र लिही : माझा अर्ज क्रमांक अमुक, मी पुन्हा अर्ज करणार आहे, माझ्या गुणांची विभागणी आणि कोणत्या भागात सुधारणा हवी ते कळवलंत तर आभारी राहीन. तक्रारीचा सूर नको, ‘माझ्यावर अन्याय झाला’ नको, आजीची गोष्टही इथे नको. सगळीकडून उत्तर येईलच असं नाही, पण जिथून येईल तिथून तुझं वर्ष वाचेल. त्याच पत्रात दोन गोष्टी आणखी विचारून घे. परीक्षा पुन्हा दिली तर सर्वांत चांगले गुण धरतात की शेवटचे? आणि विज्ञान विषय पुन्हा दिला तर नवे गुण धरतात की दोन्हींची सरासरी? प्रत्येक संस्थेचा नियम निराळा असतो. सरासरी धरणाऱ्या ठिकाणी तोच विषय पुन्हा देण्यात वर्ष घालवण्यापेक्षा दुसऱ्या विषयात गुण वाढवणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं.

रसायनशास्त्राबद्दल थोडं थांबून बोलते, कारण बऱ्याच मुलींना वाटतं की हा विषय म्हणजे दारावर बसवलेला पहारेकरी आहे, एकदा आत गेलं की त्याचं काम संपलं. तसं नाही. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर एवढ्याच पट्ट्यात असावं लागतं. फार खाली गेलं तरी हृदयाचे ठोके बिघडतात, फार वर गेलं तरी बिघडतात. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. ती बाटली नर्सच्या हातात असते. गणिताचंही तेच. एका मिलिलिटरला २० थेंब पडणारा सेट आहे आणि १००० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचं आहे, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. हा हिशेब रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हाका मारत असताना, न चुकता करता यायला हवा. म्हणून ते गुण मागतात. तू हे विषय पुन्हा अभ्यासायला घेशील तेव्हा ‘प्रवेशापुरतं’ असं मनात धरू नकोस. मोल आणि सांद्रता, आम्ल-आम्लारी, टक्केवारी, गुणोत्तर, एककांची उलटापालट एवढं पक्कं कर. रोज थोडं, पण हाताने सोडवून. वाचून समजलं असं वाटतं, कागदावर घेतलं की कळतं कुठे अडतंय.

आता मुलाखत. ‘सेवेची आवड आहे’ हे उत्तर चुकीचं नाही, पण समोरच्यांनी ते सकाळपासून प्रत्येकीकडून ऐकलेलं असतं. मी त्या बाजूच्या खुर्चीत बसलेली आहे. तिथे बसून आपण मुलीचा चांगुलपणा मोजत नसतो. तिला दिसतं का, हे बघत असतो. रुग्णात काय बदललं ते तिच्या लक्षात येतं का, आलं तर ती काय करते, आणि जे कळत नाही ते विचारते का.

तू आजीबद्दल काय लिहिलंस ते पुन्हा वाच. पाणी पिताना ठसका लागतोय हे तुझ्या लक्षात आलं. तू तिला बसतं केलंस, चमच्यावर आलीस. पक्षाघातानंतर गिळण्याच्या स्नायूंवर परिणाम झाला तर पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पक्षाघाताच्या रुग्णाला तोंडाने काहीही देण्याआधी त्याला गिळता येतं का ते तपासायचं, हे आम्ही मुलींना शिकवतो. तुला ते कोणी शिकवलं नव्हतं, तू बघून ओळखलंस. कूस बदलण्याचंही तसंच. माणूस एकाच बाजूवर पडून राहिला की माकडहाड, टाचा, खुबे इथल्या कातडीवर सतत दाब पडतो, रक्त पोचत नाही आणि जखम होते. शेवटपर्यंत अंथरुणाला असलेल्या बाईच्या पाठीला जखम नाही, हे ऐकल्यावर कुठलीही नर्स मान वर करून तुझ्याकडे बघेल. आणि तू त्या खोलीत म्हणालीस ‘आवड आहे’!

तेव्हा पुढच्या वेळी आजीची गोष्ट सांग. पण अशी सांग : काय दिसलं, मी काय केलं, काय चुकत होतं, कोणाला विचारलं, त्यातून काय कळलं. दीड-दोन मिनिटांत. रडू येईल अशा भागावर रेंगाळू नकोस. येणारच असेल तर येऊ दे, पण गोष्टीचा भार आजीच्या दुःखावर नको, तुझ्या निरीक्षणावर हवा. घरात कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने बोलून बघ. मनातल्या मनात केलेली तयारी त्या खोलीच्या दारातच विरते. काही ठिकाणी एकच मोठी मुलाखत न घेता लहान लहान थांब्यांवरून नेतात आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांत एक प्रसंग देतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत आधी वैद्यकीय प्रवेशासाठी सुरू झाली आणि मग इतरत्र पसरली. ‘सहकारी मुलीने औषधाची चूक लपवली, तू काय करशील?’ अशा प्रकारचे प्रश्न येतात. तिथे पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं. मोठ्याने विचार करत उत्तर दे : आधी रुग्ण सुरक्षित आहे का ते बघेन, मग तिला स्वतःहून सांगायला लावेन, ती तयार नसेल तर मी वरिष्ठांना सांगेन. हा क्रम आतून पटलेला असला की शब्द आपोआप येतात.

‘डॉक्टर का नाही?’ हेही विचारतील. ‘गुण कमी होते’ असं चुकूनही म्हणू नकोस, आणि तुझ्या बाबतीत ते खरंही नाही. तुला रुग्णाजवळ दिवसभर थांबायचं आहे, म्हणून तुला नर्स व्हायचं आहे. असंच आहे ना? नसेल तर आधी स्वतःशी बसून ते नीट शोध.

त्यासाठीच माझं पुढचं म्हणणं. मधल्या काळात नुसती घरी बसून अभ्यास करू नकोस. आजारी माणसांच्या जवळ जाता येईल असं काहीतरी काम धर : रुग्णालयात मदतनीस, वृद्धाश्रमात काळजीवाहक, नोंदणीच्या टेबलावर बसणं, काहीही. आठवड्यातले दोनच दिवस मिळाले तरी चालेल. बॉस्टनची मेरी एलिझा महोनी नर्सिंग शाळेत शिरण्याआधी त्याच रुग्णालयात कितीतरी वर्षं स्वयंपाक, धुणं, झाडलोट करत होती आणि नर्सेसच्या हाताखाली पडेल ते काम उचलत होती. १८७८ साली, तेहतिसाव्या वर्षी, तिला शाळेत घेतलं. तो अभ्यासक्रम इतका कडक होता की बरोबरच्या बहुतेक जणी मध्येच गळाल्या. ती १८७९ साली पूर्ण करून बाहेर पडली, आणि प्रशिक्षण पूर्ण करणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय नर्स ठरली. तिच्यासमोरची भिंत तुझ्यापेक्षा फार उंच होती, म्हणून तुलना करत नाही. पण वॉर्ड कसा चालतो ते ती आत जाण्याआधी बघून आली होती, आणि ते तिला कोणी देऊ शकलं नसतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते, वाईट वाटून घेऊ नकोस. आजीचं करणं आणि परक्या माणसाचं करणं यात फरक आहे. आजीवर तुझं प्रेम होतं. वॉर्डात जो माणूस तुझ्या अंगावर ओरडतो, त्याचंही बेडपॅन तेवढ्याच काळजीने द्यावं लागतं, आणि त्याचे नातेवाईक आभार मानतीलच असं नाही. काही महिने हे जवळून बघितल्यावर तुला आणखी ओढ वाटली तर तुझ्या अर्जात आणि बोलण्यात आपोआप वजन येईल. नाही वाटली, तर तेही वेळेत कळलेलं बरं. फिजिओथेरपी, डायलिसिस, प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया विभागातलं तंत्रज्ञाचं काम, समाजसेवा विभाग अशा कितीतरी वाटा तिथूनच फुटतात. त्या बघायला वॉर्डासारखी दुसरी जागा नाही.

अर्ज किती ठिकाणी केला होतास ते तू लिहिलेलं नाहीस. एकाच नावाजलेल्या महाविद्यालयावर सगळं टाकलं असशील तर या वेळी तसं करू नकोस. पदवी, पदविका आणि सहायक परिचारिकेचा लहान अभ्यासक्रम या तिन्ही पातळ्यांवर बघ. सहायक परिचारिका होणं म्हणजे खाली उतरणं असं बोलणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्या मार्गाने जाऊन पुढे वरची पात्रता मिळवलेल्या नर्सेस हात चालवतात तेव्हा बघत राहावं. फक्त त्या अभ्यासक्रमानंतर वर जायची सोय आहे का, किती वर्षांनी आणि कोणत्या अटींवर, हे संस्थेकडून लेखी घे. तोंडी ‘हो, होतं ना’ यावर विसंबू नकोस.

प्रतीक्षा यादीत तू नुसती वाट बघत राहिलीस, हे मात्र चुकलं. ती यादी शेवटच्या काही दिवसांत भराभर हलते, कारण दोन-तीन ठिकाणी नाव लागलेल्या मुली एकच जागा ठेवतात आणि बाकीच्या सोडतात. त्या दिवसांत जिचा फोन लागतो, कागद तयार असतात आणि जी ताबडतोब ‘येते’ म्हणते तिला जागा मिळते. पुन्हा यादीत आलीस तर ‘जागा मिळाल्यास मी नक्की घेणार आहे’ असं लगेच लिहून कळव, आणि यादी पुढच्या वर्षासाठी चालते का तेही विचार. बहुतेक ठिकाणी चालत नाही.

कागद म्हणजे फक्त गुणपत्रिका नव्हे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे बऱ्याच ठिकाणी लसीकरणाचे दाखले मागतात, त्यात हेपेटायटिस बी हमखास असतं. तिचे नेहमीचे तीन डोस आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे असतात. प्रवेशाच्या आठवड्यात आठवण झाली तर कितीही धावपळ केलीस तरी सहा महिने एका दिवसात येणार नाहीत. आधी घेतली असेल तर दाखला शोधून ठेव, नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू कर. क्षयरोगाची तपासणी आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला यांचंही आधीच बघून ठेव.

आता ते ओळखीतले गृहस्थ. त्यांना नाही म्हण. आजच म्हण, आणि पैसे दिले असतील तर घरच्यांना सांगून परत माग. जिथे रोज वर्गात जायची गरज नाही तिथे नर्सिंग शिकवत नाहीत, कागद विकतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत असंच एक प्रकरण उघड झालं. फ्लोरिडातल्या तीन शाळांनी साडेसात हजारांहून जास्त खोटी प्रमाणपत्रं विकली होती आणि पंचवीस जणांवर आरोप ठेवले गेले. ती विकत घेतलेल्या कितीतरी जणींनी परवान्याची परीक्षाही पास केली होती आणि त्या नोकरीला लागल्या होत्या. प्रकरण बाहेर आल्यावर त्यांचे परवाने तपासणीत सापडले. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तिथल्या नर्सिंग परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत तिचं नाव चालू वर्षासाठी आहे का ते स्वतः तपास. मान्यता नसेल तर अभ्यासक्रम संपल्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे नर्स नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे ती पोटॅशियमची बाटली. न शिकता ती तुझ्या हातात यावी असं तुला वाटतं का? तुझ्या आजीच्या उशाशी तशी नर्स तुला चालली असती का?

घरच्यांशी भांडू नकोस. ते तुझ्या विरुद्ध नाहीत, तुझा पडलेला चेहरा तिसऱ्यांदा बघायची त्यांना भीती वाटते आहे. ‘मला अजून एक संधी द्या’ असं म्हटलंस तर ते नाहीच म्हणतील, कारण त्यात त्यांना नवं काही दिसत नाही. त्यापेक्षा काय बदलणार आहेस ते कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव : कोणता विषय पुन्हा देणार, किती ठिकाणी अर्ज, मधल्या काळात काम कुठे, आणि या वेळीही नाही झालं तर दुसरा मार्ग कोणता. तो दुसरा मार्ग खराखुरा लिही, नुसता दाखवण्यापुरता नको. तो हाताशी असला की मुलाखतीतही घसा कोरडा पडत नाही.

मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या याचं दुःख मी कमी करू शकत नाही. ते आहेच. त्यांच्याकडून पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्राच्या वह्या मात्र मागून घे. त्या आनंदाने देतील आणि तुझ्या प्रवेश परीक्षेला उपयोगी पडतील.

सुरुवात प्रवेश विभागाच्या पत्रापासून कर, याच आठवड्यात. नव्या प्रवेशाची गडबड सुरू झाली की मागच्या वर्षीच्या फाइली काढायला तिथे कोणाला सवड नसते. उत्तर आलं की त्यातली गुणांची विभागणी मला पाठव, कुठे जोर द्यायचा ते आपण मिळून बघू.